हंगामातले दगड

यंदाच्या हंगामातली पहिली उसाची गाडी ठाण्यासमोरून गेली तेव्हा मी ओट्यावर चहा पीत उभी होते. ही गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. ट्रॅक्टरवर भोंगे बसवलेले असतात, त्यांतलं गाणं वेशीच्या पलीकडून यायला लागतं, मग इंजिनाचा आवाज, मग एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. त्या इतक्या भरलेल्या की रस्त्याकडेच्या लिंबाची फांदी त्यांतला ऊस ओढून घेते. दोन-तीन ऊस खाली पडले. शाळेला निघालेल्या पोरींनी ते उचलले, गुडघ्यावर मोडले आणि माझ्याकडं बघून थबकल्या. अंगावर खाकी असली की पडलेला ऊस उचलणाऱ्यालाही चोरी केल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, "खा गं, खा. मला पण एक कांडं द्या." त्यांनी दिलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच पडून राहिलं.

मला हा हंगाम लय आवडायचा. माझं माहेर बोरीचं, जिंतूर तालुक्यातलं. तिकडं आमचा हिवाळा म्हणजे ज्वारी, हुरडा आणि हरभऱ्याचे डहाळे. ऊस आम्ही बघायचो तो संक्रांतीला, तोही बाजारातून आणलेला. पोलिसात लागले, फिरत फिरत सोनपेठकडच्या, गोदावरीच्या या पट्ट्यात बदली झाली, आणि पहिल्याच वर्षी दिवाळी सरली तसा सगळा मुलूख बदललेला बघितला. माळावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. सकाळच्या थंडीत त्यांच्या चुलींचा धूर रस्त्यावर उतरायचा. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, डोक्यावर वाढ्याचे, उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेतलेल्या बाया, आणि वारा फिरला की कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस वास. नव्या माणसाला तो वास सोसत नाही. मला थोड्याच दिवसांत त्याची सवय झाली. पुढं तर तो आला नाही की चुकल्यासारखं वाटायचं.

आता तो वास नकोसा होतो. वास तोच आहे, मळीही तीच आहे. मी दारं-खिडक्या लावून घेते आणि बरोबरचे लोक विचारतात, मॅडम, थंडी वाजायली का.

हंगाम सुरू झाला की आमच्या खात्याचं पहिलं काम म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांना गोळा करून भाषण देणं. गाणी मोठ्यानं लावू नका, पिऊन चालवू नका, ट्रॉलीला मागून लाल रेडियम लावा. रेडियमच्या पट्ट्या आम्हीच वाटतो, आम्हीच चिकटवतो आणि वर फोटोही काढून घेतो. आठ दिवसांत त्यांच्यावर चिखलाचा थर बसतो. "पुसत जा रे बाबांनो," म्हटलं की "हो मॅडम, हो मॅडम." ऐकावं जनाचं, करावं मनाचं. त्यांचंही काय चुकतं म्हणा. कारखान्यावर रांगेत जागून काढलेला माणूस फडात परत येतो आणि पुन्हा भरून निघतो. त्याला स्वतःचे डोळे पुसायला सवड नाही, तो पट्टी कधी पुसणार.

आणि मग दगड. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. भरलेल्या ट्रॉलीचं टायर बसलं किंवा स्प्रिंगचा पाटा तुटला, तर ती ढकलून कडेला घेता येत नाही. जिथं बंद पडली तिथंच उभी राहते. मग चालवणारा रस्त्याकडेचे चांगले घमेल्याएवढे दगड आणतो आणि ट्रॉलीच्या मागं, पार अर्ध्या रस्त्यापर्यंत, ओळीनं मांडतो. एखादी बाभळीची फांदी आडवी टाकतो. मागून येणाऱ्याला लांबूनच कळावं, त्यानं येऊन धडकू नये, एवढाच हेतू. यात वाईट काही नाही, उलट काळजीच आहे. मग मिस्त्री येतो, टायर बदललं जातं, ट्रॅक्टर चालू होतो आणि सगळे घाईनं चढून निघून जातात. फांदी वाऱ्यानं सरकून जाते. दगड तिथंच. ठेवताना माणसाला मागच्याची आठवण असते, निघताना नसते. आमच्याकडं हे इतकं अंगवळणी पडलंय की रस्त्यात दगड दिसले तर लोक वळसा घालून जातात. उतरून काढत कोणी नाही.

विलास काढायचा.

विलास म्हणजे फाट्यावरचा पंक्चरवाला. घरी थोडी कोरडवाहू शेती, आई, बायको. त्याच्या गावच्या तरुण मंडळानं वर्गणी करून एक जुनी व्हॅन घेतली होती. तिला पांढरा रंग दिला, आत स्ट्रेचर बसवलं आणि झाली रुग्णवाहिका. सरकारी गाडी लांबून यायची. ही मात्र विलासच्या दुकानासमोर उभीच असायची, आणि चालवायचाही तोच. पगार नाही, भत्ता नाही. फोन आला की हातातलं टायर टाकून, हात पँटीला पुसून निघायचा. गिऱ्हाईक आपलं चाक घेऊन बसून राहायचं आणि चिडायचं, पण दुसरीकडं जायचं नाही. पेशंट पोचवून रिकाम्या गाडीनं परत येताना रस्त्यात जिथं दगड दिसतील तिथं तो थांबायचा, उतरायचा आणि एकेक उचलून कडेच्या नालीत टाकायचा. गस्तीच्या गाडीतून जाताना मी कितीदा पाहिलंय. काच खाली करून म्हणायची, "विलास, बांधकाम खात्यानं तुला कायम करायला पाहिजे."

तो हसायचा. "ताई, आज दगड उचलला तर उद्या माणूस उचलायचं वाचतंय. मी आळशी हाय, म्हणून करायलोय."

त्याच्या दुकानासमोर एक बाकडं होतं. आमची बैठक तिथंच. मी, विलास आणि नगरपालिकेच्या बंबावरचे शेखभाई. हंगामात उसाचे फड पेटतात. विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते, आणि वाळलेल्या पाचटाला तेवढी पुरते. बंब निघतो, पण फडाची वाट दाखवायला फाट्यावर कोणी थांबलेलं नसतं, कारण सगळं गाव आग बघायला पळालेलं असतं. शेखभाई चार बांधांवरून विचारत विचारत पोचायचे तोवर फड जळून बसलेला असायचा आणि कोणीतरी म्हणायचंच, "आलात का राख भिजवायला?" परतताना ते बाकड्यावर टेकायचे. मिशीत काजळी, कानात राख. 

एकदा म्हणाले, "मॅडम, पुलिस को देखके लोगां चुप होते, विलास की गाडी को देखके रोते, और हमना देखके हसते. तीनों में बेहतर नोकरी किसकी, तुमीच बोला."

विलास म्हणाला, "माझी नोकरीच न्हाई चाचा. मला तर कुणाला काढून पण टाकता येत न्हाई."

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. खरं सांगायचं तर लोकांना आम्ही तिघंही नको असतो. ज्याच्या दारात आम्ही जातो त्याचा तो दिवस वाईटच असतो. मग तो दिवस विसरायचा म्हणजे आम्हालाही विसरावं लागतं. ज्याला विलासनं जिवंत पोचवलं तो बाजारात दिसला तरी मान वळवून जायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. विलासला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचा, "त्याला मी दिसलो की त्याचं रक्त दिसतंय, ताई. कशाला बघंल बिचारा."

बाकड्यावर कधीकधी सुमेधही येऊन बसायचा. गुरुजींचा एकुलता एक मुलगा. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे जुने शिक्षक, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. सुमेधला पोलीस भरती करायची होती. तालुक्याच्या मैदानावर तो रोज सकाळी सरावाला जायचा, परतताना मला गाठायचा. "जयभीम मॅडम. गोळा लांब जायनाच माझा." मी म्हणायची, "तुझ्या मनगटात जोर नाही, खांद्यातून टाक." मी भरती झाले तेव्हा मला कोणी सांगणारं नव्हतं, म्हणून मला त्याला सांगायला आवडायचं. लाजरा पोरगा. वर्दीतल्या माझ्या टोपीकडं बघत बोलायचा. विलास त्याला चिडवायचा, "हा पोलीस झाला की पहिलं चलान माझंच फाडणार." सुमेध गंभीरपणे म्हणायचा, "तुमच्या गाडीला चलान नसतंय दादा, रुग्णवाहिका हाय ती."

त्याच्याकडं गुरुजींची मोटारसायकल होती. ती गाडी सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध, तिच्या चालीसाठी. गुरुजींनी ती जन्मभर अशी चालवली होती की बैलगाडीवाले मागून येऊन पुढं जायचे आणि जाताना नमस्कार करायचे. मुलाच्या हाती देताना गुरुजींनी त्याला तीच चाल शिकवली होती. तरणा पोरगा आणि चालवतो म्हाताऱ्यासारखी, म्हणून त्याचे मित्र त्याच्या मागं बसायला तयार नसायचे.

दोन हंगामांमागच्या त्या सकाळी धुई अशी होती की ठाण्याच्या फाटकातून समोरचा रस्ता दिसत नव्हता. विलासचा फोन आला. तो एका बाळंतिणीला पोचवून रिकाम्या गाडीनं परत येत होता. आवाज बारीक झालेला. "ताई, कॅनॉलच्या वळणावर या. गुरुजींचा सुमेध पडलाय. मी त्याला घेऊन निघालोय."

आम्ही पोचलो. वरातीमागून घोडं, नेहमीसारखं. पण धुईत गाडी तरी किती पळवणार. मोटारसायकल कोणीतरी कडेला उभी करून ठेवली होती, पुढचं चाक वाकलेलं. रस्त्यावर काचेचा चुरा, एक बूट आणि उसाची चिरडलेली कांडी. बाकी रस्ता साफ. दोन पंच बोलावले आणि पंचनामा केला. पंचनाम्यात जे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं असतं, पहिल्या दिवसापासून आम्हाला हेच शिकवलंय. मी दिसलं ते लिहिलं.

सुमेध वाटेतच गेला. आतून डोक्याला मार होता, वळणावर डॉक्टर उभा असता तरी उपयोग नव्हता, असं दवाखान्यात म्हणाले. विलास तिथून थेट ठाण्यात आला. शर्ट तसाच होता. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "रस्त्यात दगड व्हते, ताई. ओळीनं मांडलेले. ट्रॅक्टर निघून गेला असंल. त्यालाच धडकला तो."

मी म्हटलं, "दगड नव्हते तिथं."

"मीच काढले. कडेच्या कोपीवरच्या एका माणसानं हात लावला, आमी त्याला गाडीत घेतलं, आन् मागं बघतोय तर धुईतून लाईट यायलाय. दूधवाला व्हता. त्याच्या मागं शाळेची जीप. म्हटलं, हे पण पडतील. पटापटा उचलून नालीत टाकले आन् निघालो."

तेव्हाचे आमचे साहेब चांगले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पोलिसांच्या गोष्टीत साहेब वाईट असला की सगळ्यांना बरं वाटतं. ते विलासला घेऊन स्वतः वळणावर आले, मीही होते. दुपार झाली होती, धुई निघून गेली होती, आणि ती नाली उन्हात स्वच्छ दिसत होती. त्या वर्षी रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. नाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडांनी भरलेली होती.

साहेब म्हणाले, "यातले कुठले, दाखव."

विलास खाली उतरला. एक दगड उलटा केला, ठेवला. दुसरा केला. थोडा पुढं गेला, पुन्हा मागं आला. एखादा उचलून वजन बघायचा, जसं काही त्याच्या हाताला ओळख पटणार होती. आम्ही वर उभे. "हा असंल," म्हणाला. मग म्हणाला, "न्हाई साहेब. हा न्हाई." कितीतरी वेळ तो तसा वाकून फिरत होता. शेवटी साहेबांनीच त्याला हाताला धरून वर घेतलं. त्याच्या बोटांची नखं मातीनं भरली होती आणि तो सारखा म्हणत होता, "इथंच टाकले व्हते. इथंच टाकले व्हते."

कोपीवरचा माणूस शोधला. त्याची ऊसतोडीची टोळी उठून दुसऱ्या फडावर गेली होती, तिथं गाठलं तर म्हणाला, मी तिथं नव्हतोच. साक्षीला अडकलं की हंगाम बुडतो, त्याचीही भीती खरी होती. ट्रॅक्टर कोणाचा ते कळलं नाही. त्या रस्त्यावरून इतके जातात. कोणीच पुढं आलं नाही. साहेबांनी विलासचा जबाब घेतला, मला म्हणाले, "मला याच्यावर विश्वास आहे. पण कागदाला काय दाखवू?"

मग जे होतं ते झालं. अशा अपघातात समोर दुसरी गाडी नसली, अडथळा नसला, की दोष चालवणाऱ्याकडं जातो. तो मेलेला असला तरी. आमची ठरलेली भाषा आहे: मयत हा आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगात व हयगयीने चालवून स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. मेलेल्या माणसावरचा गुन्हा पुढं चालत नाही, मिटतो. आमच्यासाठी तो एक रिवाज. असे गुन्हे मी किती तरी पाहिले होते आणि जेवणाच्या डब्याची चव कधी बदलली नव्हती.

गुरुजी नक्कल घ्यायला आले. ओट्यावर, मी चहा पीत उभी राहते तिथंच, ते बसले. चष्मा लावला आणि वाचायला लागले. शाळेत पोरांची वही तपासावी तसं एकेका ओळीवर बोट ठेवून. एका ठिकाणी बोट थांबलं ते पुढं सरकेना.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी गाडी भरधाव जाते का? तुमी तर पाहिलीय."

"पाहिलीय, गुरुजी."

"पोलीस व्हायचं व्हतं त्याला." एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी घातली. रडले असते तर बरं झालं असतं. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

नेमका त्याच वेळी विलास आला. जबाबावर एक सही राहिली होती त्याची. त्याला बघून मी मनातून म्हटलं, आता नको रे, परत जा. पण तो सरळ गुरुजींच्या पायाशी बसला. गावात लोक काय काय बोलत होते ते त्याच्या कानावर होतंच. ट्रॅक्टरवाल्याकडून पैसे खाल्ले, म्हणून दगड गायब केले. दगड उचलत बसला, म्हणून पोरगं गेलं. शेखभाई तर एकदा भर बाजारात कोणाच्या तरी अंगावर धावून गेले होते. होम करताना हात पोळतो म्हणतात, इथं तर अंगच भाजलं. पण त्या बोलण्यानं विलास हलला नव्हता. लोकांच्या शिव्या आम्हा तिघांना नव्या नव्हत्या.

गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "विलास, तू चांगल्या मनानं केलंस, मला कळतंय. दुसऱ्याची लेकरं वाचावीत म्हणून केलंस. पण ते दगड तिथंच राहिले असते, तर माझ्या लेकरावर हा डाग लागला नसता."

यात शिवी नव्हती, शाप नव्हता. गुरुजी खोटंही बोलले नव्हते. विलासनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. सही करायची राहिली तशीच राहिली, मी दुसऱ्या दिवशी दुकानावर जाऊन घेतली.

तोवर व्हॅनची चावी त्यानं मंडळाकडं दिलेली होती. मी त्याला समजवायला गेले. मी हवालदार, मला समजवता येतं ते एकाच पद्धतीनं, दटावून. म्हटलं, "एका बोलण्यावर सोडतोस? शहाणा आहेस ना? उद्या पुन्हा कोणी पडलं तर?"

तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "पुन्हा कोणी पडलं तर मी पुन्हा दगड उचलीन, ताई. मला उभ्या रस्त्यात दगड बघवत न्हाई. आन् पुन्हा कुणाच्या तरी बापाला असं म्हणावं लागंल. ते मला ऐकवणार न्हाई. म्हणून जात न्हाई."

  कित्येकदा मनात म्हणते, त्यानं निदान दगडांचा फोटो काढला असता. खिशात मोबाईल होता, एक बोट लावायचं काम. पण गाडीत एक पोरगा कण्हतोय, मागून लाईट येतायत, अशा वेळी ज्याला फोटो सुचतो तो विलास नसतो. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, की या साऱ्यात कोणावर राग काढावा असा माणूसच सापडत नाही. दगड ठेवणाऱ्यानं काळजीनं ठेवले, काढणाऱ्यानं काळजीनं काढले, मी होतं ते लिहिलं, साहेबांनी नियम पाळला, बापानं खरं तेच सांगितलं. आणि एका सरळ पोराचं नाव कागदावर वाकडं झालं, आणि एक गाडी उभी राहिली ती राहिलीच.

मंडळातली पोरं काही दिवस व्हॅन चालवत होती. पोरांना उत्साह असतो, पण सकाळी उठवत नाही. पुढचा हंगाम असाच गेला. विलास दुकानात बसून असायचा, मी गेले की चहा सांगायचा, पण बाकड्यावर बसायचा नाही. शेखभाईंची बदली दुसऱ्या पाळीवर झाली. यंदाच्या दिवाळीत विलास बायको-आईला घेऊन पुण्याकडं गेला. तिकडं कुठल्याशा कंपनीत टायरचंच काम मिळालं. जाताना ठाण्यात येऊन मला पेढा देऊन गेला. दुकानाचं शटर खाली आहे. समोर व्हॅन आहे, तिचं पुढचं टायर बसलंय. पंक्चरवाल्याच्या दारात ते तसलं टायर बघवत नाही, म्हणून मी आता फाट्यावर गाडी हळू करत नाही.

आणि परवा पुन्हा ते झालं. त्याच रस्त्यावर, कॅनॉलच्या वळणाच्या थोडं अलीकडं. धुई पातळ होती. सायकलवरून दूध घेऊन जाणारा माणूस दगडांना अडकून पडला, पाय मोडला. जिवाला धोका नव्हता. सरकारी गाडी येईपर्यंत त्याला कडेला घोंगडीवर निजवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दूध रस्त्यावर पसरलेलं, आणि दगड जिथल्या तिथं. ओळीनं. त्यांच्याभोवती दहा-वीस माणसं, बहुतेकांच्या हातात मोबाईल, आणि दगडांसमोर आडवी काठी धरून गुरुजी उभे.

ते आता लय थकलेत. सकाळी या रस्त्यानं फिरायला येतात, वळणापर्यंत यायचं आणि तिथून मागं फिरायचं. फाट्याकडं ते जात नाहीत. पलीकडून एक ट्रॅक्टर आला तर त्यांनी काठीनंच त्याला शेतात उतरून जायला लावलं. मला बघितल्यावर म्हणाले, "जयभीम मॅडम. मी एकालाही हात लावू दिला न्हाई. सगळे बघून घ्या."

मी बघून घेतले. फोटो काढले, मापं घेतली, पंचांना दाखवले. दूधवाल्याला गाडीत घालून पाठवलं. लोक पांगले. मग मी टोपी काढून गाडीत ठेवली आणि पहिला दगड उचलायला वाकले. बरोबरचा शिपाई म्हणाला, "मॅडम, माणसं लावून काढून घेऊ की." मी ऐकलं नाही. दगड जागचा हलला, पण उचलला जाईना. विलास असे दगड एकटा उचलायचा, तेही पँटीला हात पुसत. इतकी वर्षं काचेतून बघताना मला वाटायचं, ते हलके असतील.

दुसऱ्या बाजूनं काठी टाकून गुरुजी वाकले. "थांबा, एकटीला न्हाई व्हायचं." आम्ही दोघांनी तो नालीपर्यंत नेला. परत आलो, दुसरा नेला. शिपाईही लागला. गुरुजींना धाप लागली होती.

"विलास रोज काढायचा का हे?" त्यांनी विचारलं.

"दिसतील तेव्हा. रोजच दिसायचे."

"मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, त्याच दिवशी तेवढे काढले." त्यांनी हाताची माती धोतराला पुसली. मग म्हणाले, "मी त्याला बोललो ते... तुमी व्हता तिथं."

"होते."

"त्याच्या दुकानावर जाऊन येतो मी. आजच जातो. बोलायला पाहिजे व्हतं मागंच."

मला सांगायला नको वाटत होतं, पण पोलिसाला लोकांच्या दारात जाऊन वाईट सांगायचीच सवय असते. "गुरुजी, दुकान बंद आहे. दिवाळीतच पुण्याला गेला तो, घरच्यांना घेऊन. माझ्याकडं नंबर आहे, लावून देऊ का?"

त्यांनी मान हलवली. "हे फोनवर बोलायचं न्हाई, मॅडम."

धुई पार निघून गेली होती. लांबून भोंग्यातलं गाणं यायला लागलं होतं, अजून एक गाडी येत होती. रस्त्यात एकच दगड राहिला होता, सगळ्यांत मोठा. गुरुजींनी त्याच्याकडं बघितलं, धोतराचा सोगा खोचला आणि वाकून एक कड धरली.

"त्या बाजूनं धरा," ते म्हणाले. मी धरलं.